नावाची पाटी आणि आठ गुंठे

आक्का उंबऱ्याच्या आत आली आणि समोर हिरामणचा चेहरा बघून तिचा पाय जागच्या जागी थांबला.

भिंतीला टेकवून आठ फुटी फ्लेक्स उभा केला होता. वर निळं आकाश, खाली हिरवंगार मैदान, चारी बाजूंनी पायऱ्या, आणि या सगळ्यावर मोठ्या पिवळ्या अक्षरांत 'कै. हिरामण रामनाथ मढवी फुटबॉल स्टेडियम'. कोपऱ्यात तिच्या धाकट्या भावाचा फोटो. तो लग्नातला होता. फेटा कापून काढला होता, त्यामुळे डोक्यावरचे केस कुणीतरी रंगवून बसवल्यासारखे दिसत होते.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाणी पुसता पुसताच तिच्या मनात आलं, देवेशने हा फोटो काढला कुठून? हिरामणला जाऊन नऊ वर्षं झाली, पण मधल्या भावाच्या, दौलतच्या या बंगल्यात त्याचा साधा पासपोर्ट फोटोसुद्धा कधी लागला नव्हता.

"कसं वाटलं, आत्या?" दौलतचा मुलगा देवेश पुढे येऊन तिच्या पाया पडला. भाचा वाकून पाया पडला की आक्का हल्ली सावध व्हायची. "काकांचं नाव आख्ख्या ठाणे जिल्ह्यात होणार. मॅचेस टीव्हीवर दाखवणार, आणि प्रत्येक मॅचला नाव कुणाचं? हिरामणकाकांचं."

"चांगलं वाटलं," आक्का म्हणाली आणि मागे वळली. "या, वाल्मीकभाऊ. आत या."

वाल्मीकभाऊ चप्पल काढून आत आले तसा दौलत सोफ्यावर सरळ होऊन बसला. वाल्मीकभाऊ अंबाडीला आक्काच्या घराच्या मागच्या आळीत राहायचे. आख्खी नोकरी त्यांनी जमिनीच्या मोजणी खात्यात काढली होती. नकाशा उलटा धरला तरी त्यांना वाचता यायचा. आणि तरुणपणी ते हिरामणसोबत एकाच टीममध्ये खेळले होते.

"वाल्मीकला कशाला त्रास दिलास?" दौलत म्हणाला. "घरची बैठक हाय."

"मना चष्म्याने पन बारीक दिसत न्हाय," आक्का म्हणाली. "त्यांना दिसतं."

दौलत तिच्याहून चार वर्षांनी लहान, पण बाप गेल्यापासून घरातला शब्द त्याचाच. आज मात्र त्याने तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं.

चंद्रा, हिरामणची बायको, खिडकीजवळच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला मूलबाळ नव्हतं. नवऱ्याच्या फोटोकडे ती बघत नव्हती. जो बोलेल त्याच्या तोंडाकडे बघत होती. आक्काला तिची दया आली. बिचारीला वाटत असेल, खरंच नाव लागणार. या पोराने हिच्या भोळेपणावर डाव टाकलाय. आज आपण नसतो तर हिने डोळे मिटून सही केली असती.

कारण सही म्हणजे काय, हे आक्काला एकोणीस वर्षांपूर्वी कळलं होतं. याच देवेशच्या हळदीचा आठवडा होता. दारात मांडव, घरात पाहुणे, आणि दौलत भर दुपारी म्हणाला, आक्का, जरा रजिस्टर ऑफिसात जाऊन येऊ, फक्त नावं सरळ करायची हायत. हाताला लागलेली हळद पदराला पुसून तिने तीन ठिकाणी सही केली होती. चार महिन्यांनी मानकोली नाक्याजवळच्या त्यांच्या जमिनीवर गोदामाचे लोखंडी खांब उभे राहिले, तेव्हा तिला समजलं की बापाच्या त्या जमिनीतला आपला हिस्सा आपण दौलतच्या नावे सोडून दिलाय. तेव्हापासून माहेरचा प्रत्येक फोन ती दोनदा विचार करून उचलायची.

आता राहिली होती ती खाडीकडची दोन एकर. तिघांच्या नावावर: दौलत, आक्का आणि हिरामणच्या पश्चात चंद्रा. शेजारच्या पडीक जमिनीवर कंपनीचं स्टेडियम वर येत होतं, आणि गाड्या लावायला कंपनीला ही दोन एकर हवी होती.

"साधी गोष्ट आहे, आत्या," देवेश सांगू लागला. "मॅचच्या दिवशी सहाशे गाड्या येणार. त्या कुठे लावणार? हायवेवर? आधीच कंटेनरवाल्यांनी जाम करून ठेवलाय. तर आपली जमीन पार्किंगला द्यायची. विकायची नाही, भाड्याने द्यायची. आणि त्याच्या बदल्यात काकांचं नाव. मी त्या साहेबांना क्लिअर बोललो, नाम होगा तो ही साइन होगा. एक वाजता साहेब येतायत. सह्या, जेवण, विषय खतम."

"आज लगेच?"

"शुभ काम आहे, आत्या."

"कागद दे," आक्का म्हणाली. "वाल्मीकभाऊ बघतील तवर मी भाविकाला भेटून येते."

देवेशने हातातली फाइल वाल्मीकभाऊंना द्यायच्या आधी क्षणभर घट्ट धरून ठेवली. आक्काने ते पाहिलं.

स्वयंपाकघरात घरची सून भाविका जिताडा माशाच्या तुकड्यांना मीठमसाला चोळत होती. आत्याला बघून तिने आधी दाराकडे नजर टाकली आणि मग मिक्सर सुरू केला. मिक्सरमध्ये काहीच नव्हतं.

"आत्या, कागद दोन आहेत," ती हळू आवाजात म्हणाली. "एक सगळ्यांचा. दुसरा एकट्या तुमचा. तो खाली लावलाय."

"कसला?"

"मला कुठे दाखवतात? पण दोन्हींवर साक्षीदार म्हणून माझं नाव टाकलंय. मी काल रात्रीच सांगितलं ह्यांना, आत्यांनी वाचल्याशिवाय मी साक्ष करणार नाही. त्यावरून घरात काय झालं ते मला माहीत."

आक्का तिच्याकडे बघत राहिली. ही देवेशची बायको. हिचं ऐकावं, की नवऱ्यानेच हिला पुढे केलंय? आत्याला आधी घाबरवायचं, मग तिची भीती घालवल्यासारखं करायचं आणि सही घ्यायची, असाही एक डाव असू शकतो.

"तू मना का सांगतेस?"

भाविकाने मिक्सर बंद केला. मग पुन्हा सुरू केला. "माझ्याच हळदीच्या आठवड्यात तुमची सही घेतली होती ना? मी या घरात आले तेव्हा बायका हसून सांगायच्या, सून पायगुणाची, येताना जमीन घेऊन आली. मी काही आणलं नव्हतं, आत्या. तुमचं होतं ते. पुन्हा नको माझ्या नावावर."

आक्काने तिच्या मसाल्याच्या हाताला मनगटाजवळ धरून जरा दाबलं आणि ती बाहेर आली. पुरता विश्वास बसला नव्हता, पण दुसरा कागद आहे का ते बघायला विश्वास लागत नव्हता.

बाहेर वाल्मीकभाऊंनी नकाशा टीपॉयवर पसरला होता. कोपऱ्यांवर पाण्याचे ग्लास ठेवले होते.

"आक्का, हे बघा," त्यांनी पेनाच्या टोपणाने दाखवलं. "हा मोठा गोल म्हणजे स्टेडियम. ह्या पांढऱ्या रेघा म्हणजे गाड्या. हे सगळं तुमचं शेत. आणि हा डांबरी रस्ता. आता सांगा, रस्त्यावरून गाडी शेतात येणार कुठून?"

आक्का वाकून बघू लागली. तिला रेघांपलीकडे काही समजेना.

"इथून. फक्त इथून. बाकी तिन्ही बाजूंना खाडीचा बांध, स्टेडियमची भिंत आणि दुसऱ्याचं गोदाम. ही चिंचोळी पट्टी, आठ गुंठे. यायचं गेट हेच, जायचं गेटही हेच. आणि सातबाऱ्यावर ही पट्टी तिघांच्या दोन एकरांत नाही, स्वतंत्र पोटहिश्शाची आहे. तुमच्या एकटीच्या नावाची."

"ती कोपऱ्यातली?" आक्का म्हणाली. "दगडांची? दौलत तर म्हणायचा, तिथं गवत पन उगवत न्हाय."

"गवत नाही उगवत. गेट उगवतंय." वाल्मीकभाऊंनी फाइलच्या तळाचा कागद वर काढला. "आणि हे बक्षीसपत्र. ही आठ गुंठे तुम्ही भाच्याला, म्हणजे देवेशला बक्षीस देताय, असं यात आहे. राजीखुशीने, असंही आहे."

देवेशने त्या कागदाकडे हात पुढे केला.

"तो फक्त सोयीसाठी आहे, आत्या," देवेश घाईने म्हणाला. "तुला अंबाडीहून सारखं यायला नको म्हणून. कंपनीला एकाच माणसाशी बोलायचं असतं. तुझा वाटा तुला घरपोच येईल."

"मागच्या वेळी पन मना सोयीसाठीच नेलं व्हतं." ती देवेशकडे बघत नव्हती. "दौलत, तुला म्हाईत व्हतं?"

दौलतने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. "पोरगा बोलला, एका हातात असलं तर बरं. मी बोललो, तिला विचार."

"विचारलं न्हाय त्याने. मीच कागद मागितला तेव्हा कळलं," आक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. तिने चंद्राकडे बोट केलं. "आनि या पोरीला काय सांगितलंत? नवऱ्याचं नाव लागनार म्हनून बसलीय सकालपासून. वाल्मीकभाऊ, नावाचं काय लिवलंय त्यात? ते वाचा. मोठ्याने वाचा, चंद्राला ऐकू जाऊ दे."

वाल्मीकभाऊंनी पानं उलटली, मागे गेले, पुन्हा पुढे आले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यांनी सावकाश वाचलं.

"कलम अकरा. जमीनमालकांच्या विनंतीनुसार वाहनतळ क्रमांक दोन यास 'कै. हिरामण रामनाथ मढवी वाहनतळ' असे नाव देण्यात येईल. कलम बारा. स्टेडियमच्या मुख्य इमारतीच्या नावाचे सर्व हक्क कंपनीकडे राहतील, आणि ते कंपनी दर दहा वर्षांसाठी तिच्या मर्जीने कोणासही देऊ शकेल."

"वाहनतळ?"

"पार्किंग, आक्का."

आक्काने फ्लेक्सकडे पाहिलं. पिवळी अक्षरं, निळं आकाश. आख्खं गाव क्रिकेटवालं असताना हिरामण एकटा त्या शेतात बॉल घेऊन उतरायचा. पॉवरलूमवरची पहिली शिफ्ट संपवून, कापसाचे तंतू केसांत तसेच घेऊन, आदिवासी पाड्यावरची, आळीतली, कामगारांची पोरं जमवून त्यांना शिकवायचा. त्याचं नाव गाड्या लावायच्या जागेला.

"देवेश, हा फलक कुनी छापला?"

"मीच छापला," देवेशचा चेहरा उतरला होता. "नाक्यावरच्या फ्लेक्सवाल्याकडे. मी ट्राय केला, आत्या, शपथ. साहेब बोलले, स्टेडियमचं नाव कुठल्यातरी पाइपवाल्या कंपनीला जाणार, बोलणी चालू आहेत. मला वाटलं, आधी सह्या होऊ देत, मग बघू. पण पार्किंगला नाव द्या असं मी कधीच बोललो नाही. ते मला आत्ता कळतंय."

"खोटं बोलू नको," दौलत ओरडला. "लिवलंय ना, मालकांच्या विनंतीनुसार? तुज्याशिवाय कंपनीत जातो कोन?"

"पप्पा, तुम्ही गेला असाल. मागच्या महिन्यात तुम्हीच साहेबांच्या गाडीत बसला होता."

"मी दवाखान्यात गेलो व्हतो!"

बाप-लेक एकमेकांकडे असे बघत होते की आक्काला वाटलं, हे दोघेही खरं बोलतायत, आणि तेच जास्त वाईट. भाविका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. देवेशने तिच्याकडे संशयाने पाहिलं. तिने खांदे उडवले.

"विनंती मी केली," चंद्रा म्हणाली.

सगळे वळले. ती अजून तशीच बसली होती, हात मांडीवर.

"तू?" देवेशला हसू आलं. "काकी, तू कंपनीत गेलीस?"

"रोज जाते. वर्ष झालं, साइटवरच्या इंजिनिअर लोकांचे डबे माझ्याकडं हायत. बावीस डबे. तुमी कधी विचारलं न्हाय मी काय करते." तिचा आवाज सरळ होता. "तो नकाशा त्यांच्या हापिसात भिंतीवर लावलाय, चार महिन्यांपासून. मी डबे ठेवताना बघायची. साहेबांना विचारलं, आमच्या शेतावर ह्या रेघा कसल्या? त्यांनी समजावलं. मग नावाचं विचारलं. ते बोलले, मावशी, स्टेडियमचं नाव विकायचं असतं. आज पाइपवाला, दहा वर्षांनी बिस्किटवाला. जो जास्त देईल तो. आधीचा फलक उतरवून भंगारात."

"म्हनून तू पार्किंगला..." आक्काने पुन्हा फ्लेक्सकडे पाहिलं.

"ती जमीन आपली हाय ना, आक्का. भाड्याने दिली तरी आपलीच. आपल्या जमिनीवरचा फलक कोन उतरवनार? मी त्यांना बोलले, गेटवर कमान पाहिजे, आनि करारात लिवून पाहिजे. त्यांनी लिवलं. ह्यांनी पोरांना शिकवलं ते त्या मातीत. पाइपवाल्याच्या खुर्च्यांखाली न्हाय."

वाल्मीकभाऊ कागदाकडे बघत हळूच म्हणाले, "कलम पक्कं आहे. करार आहे तोवर कंपनीला बदलता येणार नाही, आणि करार संपला की जमीन परत तुमची."

आक्का सोफ्याच्या कडेला बसली. सकाळपासून ती जिला वाचवायला आली होती, तिला वाचवण्यासारखं काही नव्हतंच. आणि मग एक गोष्ट तिला काट्यासारखी टोचली.

"चार महिने तुला म्हाईत व्हतं, गेट माज्या पट्टीतनं जातं?"

"हां."

"मना का न्हाय सांगितलंस? एक फोन केला असतास. मी काय तुझी वैरी हाय?"

चंद्राने पहिल्यांदाच मान खाली घातली. मग वर केली.

"मानकोलीची जमीन तिघांची व्हती, आक्का. तुमी तुमचा हिस्सा भावोजींना सोडलात. तीनातले दोन वाटे त्यांचे झाले. मग मोजनी झाली, रस्त्याकडची सगळी बाजू त्यांना, आनि ह्यांना मागचा तुकडा. जायला वाट न्हाय. दोन वर्षं हे वाटेसाठी फिरले. शेवटी तो तुकडा पन भावोजींनाच द्यावा लागला, ते देतील त्या भावात. त्यानंतर हे कोनाशी नीट बोललेच न्हाय."

"मना फसवलं व्हतं गं. मना कळलं न्हाय."

"कळलं न्हाय, की विचारलं न्हाय?"

दौलत उठून खिडकीशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. आक्काला वाटलं होतं, या घरात एकच माणूस फसला आणि ते आपण. एकोणीस वर्षं तिने हे दुःख अंबाडीच्या घरात जपून ठेवलं होतं. शेजारणींना सांगितलं होतं, वाल्मीकभाऊंना सांगितलं होतं. तिच्या सहीच्या पलीकडे हिरामण उभा होता, हे एकदाही मनात आलं नव्हतं. त्या दिवशी ऑफिसातून परत येताना हिरामण मांडवात बल्ब लावत होता. कुठे गेली होतीस, असं त्याने विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, कुठं न्हाय.

"विचारलं न्हाय," ती म्हणाली.

चंद्राने मान हलवली. "म्हनून मी पन बोलले न्हाय. म्हटलं, आज बघू, तुमी काय करता. न वाचता सही केली असतीत तर मी उठून गेले असते. पन तुमी वाल्मीकभाऊंना घेऊन आलात."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. देवेशने घड्याळ बघितलं, फ्लेक्सकडे बघितलं, आणि काय करावं ते न सुचून फ्लेक्सच्या पुढे उभा राहिला. कंपनीचे साहेब आत आले. पस्तिशीचा माणूस, बुटांवर साइटची लाल माती. सगळ्यांना हात जोडता जोडता त्यांची नजर खिडकीकडे गेली.

"अरे, चंद्रामावशी! तुम्ही आधीच येऊन बसलात?" मग त्यांना फ्लेक्सवरची अक्षरं दिसली. त्यांनी ती वाचली, देवेशकडे पाहिलं. "देवेशभाई, ये क्या है? हे तर आपलं ठरलं नव्हतं."

"सॅम्पल आहे, सर," देवेश म्हणाला. भाविकाने पदर तोंडाला लावला.

आक्का उठली. गुडघा दुखत होता, तरी हात न टेकता उठली. बक्षीसपत्राचा कागद तिने वाल्मीकभाऊंच्या हातून घेतला, त्याची चार घड्यांची घडी केली आणि देवेशच्या शर्टाच्या खिशात घातली.

"हा तुजा. ठेव." मग ती साहेबांकडे वळली. "साहेब, आठ गुंठे माझी हायत. मी ती कोनाला सोडनार न्हाय. भाड्याने देनार, पन माज्या नावाने देनार. तुमचा कागद मी घरी नेते. वाचायला मना आठ दिवस लागतील. शंका निघाली तर पंधरा. सही पाहिजे तर अंबाडीला या."

"आक्का, ते गेटचं काम अडेल," दौलत खिडकीतूनच म्हणाला. "जरा समजून घे. मी तुला मागतो."

"तू मागितलं असतंस ना, दौलत, तर त्या वेळी पन दिलं असतं," ती म्हणाली. "मागितलं कधी? नेलंस."

साहेबांनी एकदा तिच्याकडे, एकदा चंद्राकडे पाहिलं. चंद्राने डोळ्यांनीच सांगितलं, थांबा. साहेब म्हणाले, "चालेल. पंधरा दिवस चालतील, आजी."

जेवायला थांबायचा आग्रह झाला, पण तो भाविकाचा एकटीचा होता. तिने जिताड्याचे चार तुकडे डब्यात घालून आक्काच्या पिशवीत ठेवले आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "साक्षीला बोलवा मला. अंबाडीला येईन." आक्काने या वेळी तिच्या गालावरून हात फिरवला.

वाल्मीकभाऊंना भिवंडीत मुलीकडे जायचं होतं. चार वाजता परत येतो म्हणून ते निघून गेले. चंद्रा आणि आक्का गल्लीने चालत चंद्राकडे निघाल्या. चंद्राचं घर तीन घरं सोडून होतं, दोन खोल्यांचं. एवढ्या वर्षांत माहेरी आली की आक्का दौलतकडे उतरायची, हिरामण गेल्यावर तर इकडे दहाव्या-बाराव्यालाच काय ती आली होती.

ओट्यावर बावीस डबे धुऊन पालथे घातले होते. चंद्राने पाट मांडला, तांदळाची भाकरी तव्यावर टाकली. आक्का बसली. फाइल कुठे ठेवावी ते तिला कळेना. शेल्फवर जागा होती, कॉटही रिकामी होती. तिने फाइल मांडीखाली घेतली आणि पदर त्यावर ओढला.

"चंद्रा," ती म्हणाली, "मना म्हाईत न्हाय असं अजून काय काय हाय तुज्याकडं?"

चंद्राने भाकरी उलटली. तिला पदराखालून डोकावणारं फाइलचं टोक दिसलं होतं.

"जेवा आधी," ती म्हणाली. "आनि ती फाइल तिथंच राहू द्या. मी मागितली तरी देऊ नका."